राजाची सही आणि गृहखात्याची किल्ली : रुमानियातील सत्तांतराविषयी वाचकांचे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व युरोपातील राजेशाह्या कशा गेल्या, याविषयी आलेल्या प्रश्नांपैकी या वेळी रुमानियाचे निवडले आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : रुमानियात कम्युनिस्ट राजवट नेमकी कधी सुरू झाली? कुठे १९४४ असते, कुठे १९४५, तर कुठे १९४७.

तिन्ही साले आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त प्रत्येकाने मोजलेली गोष्ट वेगळी आहे. २३ ऑगस्ट १९४४ रोजी राजा मिहाई पहिला याने देशाचा हुकूमशहा मार्शल इयॉन अंतोनेस्कू याला अटक करून जर्मनीशी असलेली युती मोडली. कम्युनिस्टांनी पुढे हाच दिवस राष्ट्रीय दिन केला आणि श्रेय राजाकडून काढून पक्षाच्या खात्यावर जमा केले. त्या काळात छापलेल्या पुस्तकांत १९४४ दिसते ते यामुळे. ६ मार्च १९४५ रोजी पेत्रू ग्रोझाचे, कम्युनिस्टांच्या वर्चस्वाखालचे मंत्रिमंडळ आले आणि ३० डिसेंबर १९४७ रोजी राजाने राज्यत्यागाच्या कागदावर सही केली.

आमच्या मते सत्ता हातातून गेली ती ६ मार्चलाच. पोलीस, न्यायखाते, प्रचारखाते आणि शेती ही सगळी त्या दिवशी एका बाजूला गेली. त्यानंतरची पावणेतीन वर्षे देशात राजा होता, त्याचे चित्र नाण्यांवर होते, कायद्याखाली त्याची सही होती, पण ठाणेदार कोण नेमायचा हे ठरवणे त्याच्या हाती नव्हते. सत्तांतराचा हा क्रम ध्यानात घेतला तर पुढची बरीच कोडी सुटतात. रशियात आधी झार गेला आणि मग काही महिन्यांनी बोल्शेविक आले. रुमानियात आधी कम्युनिस्ट आले, मुकुट सर्वांत शेवटी गेला.

प्रश्न : हुकूमशहाला राजानेच पकडले, मग विजय त्याच्या पदरात का पडला नाही?

कारण ज्या दिवशी त्याने बाजू बदलली त्या दिवशी लाल सैन्य देशात शिरलेले होते. २० ऑगस्टला यास-किशिनेव आघाडीवर सोव्हिएत हल्ला सुरू झाला आणि तीन दिवसांत ती आघाडी कोसळली. २३ तारखेला दुपारी अंतोनेस्कू बुखारेस्टच्या राजवाड्यात आला. युद्धविराम करायला तो तयार होईना, तेव्हा बावीस वर्षांच्या राजाने त्याला अटक करवली आणि वडिलांच्या, म्हणजे कारोल दुसऱ्याच्या, टपालतिकिटांचा संग्रह ठेवण्यासाठी बांधलेल्या तिजोरीच्या खोलीत कोंडले. रात्री दहाच्या सुमारास रेडिओवरून राजाची घोषणा झाली. इथवरचा बेत चोख होता.

पुढे दोन गोष्टी हुकल्या. पहिली म्हणजे कैद्यांचा ताबा. अंतोनेस्कूला राजनिष्ठ सैन्याकडे न ठेवता एमिल बोद्नराश या कम्युनिस्टाच्या सशस्त्र गटाकडे सोपवण्यात आले आणि तिथून तो सोव्हिएतांच्या हाती गेला. दुसरी चूक जास्त महागात पडली. युद्ध थांबवल्याची घोषणा २३ ऑगस्टला झाली, पण मॉस्कोत युद्धविरामावर सह्या व्हायला १२ सप्टेंबर उजाडला. मधल्या जवळपास तीन आठवड्यांत रुमानियन सैनिकांनी शस्त्रे खाली ठेवली होती आणि लाल सैन्य मात्र त्यांना शत्रूच मानत होते. लाखाहून अधिक सैनिक युद्धकैदी म्हणून पूर्वेकडे नेले गेले. जे उरले ते हंगेरी आणि चेकोस्लोव्हाकियात जर्मनांविरुद्ध लढायला गेले. तिथे मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून सुमारे १ लाख ७० हजारांची हानी झाली. राजाशी शपथेने बांधलेले सैन्य असे राजधानीपासून दूर गेले.

युद्धविरामाची कलमे वाचली की उरलेला उलगडा होतो. ३० कोटी डॉलरची भरपाई सहा वर्षांत, रोख नव्हे तर तेल, धान्य, लाकूड, जहाजे आणि यंत्रसामग्री यांच्या रूपात द्यायची होती. हिशेब १९३८ च्या किमतींच्या आधाराने धरला गेला, त्यामुळे कागदावरचा आकडा तोच राहिला आणि प्रत्यक्ष ओझे कितीतरी वाढले. शिवाय अंमलबजावणीवर देखरेख करणारा मित्रराष्ट्रांचा नियंत्रण आयोग नावाला तिघांचा (सोव्हिएत संघ, अमेरिका आणि ब्रिटन) असला तरी सूत्रे सोव्हिएत सेनाधिकाऱ्यांकडे होती. वृत्तपत्र छापायचे का, रेडिओवर काय जायचे, सैन्याची कोणती तुकडी कुठे हलवायची, या सगळ्याला आयोगाची परवानगी लागे.

प्रश्न : १९४४ मध्ये या पक्षाचे जेमतेम हजार सदस्य होते असे म्हणतात. एवढ्या चिमूटभर लोकांनी देश कसा घेतला?

हजाराच्या आसपास हा आकडा साधारणपणे मान्य आहे. १९२४ पासून पक्षावर बंदी होती, नेते तुरुंगात किंवा मॉस्कोत होते. गिओर्गे गिओर्गिउ-देज हा रेल्वे कामगार पुढारी ऑगस्ट १९४४ मध्येच तुर्गू जिऊच्या छावणीतून निसटला. आना पाउकर आणि वासिले लुका सोव्हिएत सैन्यापाठोपाठ परतले.

त्यांनी बहुमताच्या मागे न लागता खाती मागितली. पहिल्या मंत्रिमंडळात कम्युनिस्ट एकच होता, वकील लुक्रेत्सिऊ पत्रश्कानू, आणि त्याच्याकडे न्यायखाते आले. नोव्हेंबरच्या फेरबदलात देजला दळणवळण मिळाले. युद्धकाळात रेल्वे ज्याच्या हातात, त्याच्या हातात सैन्याची आणि धान्याची ये-जा. मग मोर्चा वळला गृहखात्याकडे. शेतकरी पक्षाच्या गृहमंत्र्याविरुद्ध निदर्शने झाली, सरकार पडले, ६ डिसेंबर १९४४ रोजी जनरल निकोलाए रदेस्कू पंतप्रधान झाला. त्याने गृहखाते स्वतःकडे ठेवले, पण उपमंत्री म्हणून कम्युनिस्ट तिओहारी जॉर्जेस्कू राहिला. पुढे रदेस्कूने त्याला काढायचा प्रयत्न केला तेव्हा हा माणूस खुर्ची सोडेना! पंतप्रधान बडतर्फ करतो आणि उपमंत्री कचेरीत बसून जिल्ह्यांना हुकूम सोडत राहतो, हे चित्र एकदा डोळ्यांसमोर आणले की सत्ता कुणाकडे सरकली होती ते कळते. कारण उघड होते. त्याला उठवायला पोलीस पाठवावे लागले असते आणि पोलीस त्याच्याच खात्याचे.

जिल्ह्यांतही हेच झाले. १९४५ च्या सुरुवातीला जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेऱ्यांवर जमाव नेऊन जुन्या अधिकाऱ्याला बाहेर काढायचे आणि आपला माणूस बसवायचा, असा सपाटा सुरू झाला. सरकारने सैन्य पाठवले तर सोव्हिएत कमांडर मध्ये पडत. २४ फेब्रुवारीला बुखारेस्टमध्ये मोठ्या निदर्शनात गोळीबार झाला आणि माणसे मेली. गोळ्या कुणी झाडल्या यावर आजही वाद आहे. पण परिणाम तयारच होता. २७ तारखेला सोव्हिएत उपपरराष्ट्रमंत्री आंद्रेई विशिन्स्की बुखारेस्टला उतरला, रदेस्कूला हाकलण्यासाठी राजाला तासांच्या मुदती देऊ लागला आणि एका भेटीअखेर दार असे आपटून गेला की भिंतीच्या गिलाव्याला तडा गेल्याचे सांगतात. राजधानीतल्या रुमानियन तुकड्यांची शस्त्रे याच दिवसांत काढून घेतली गेली. राजाने प्रिन्स बार्बू श्तिरबेयचे नाव पुढे करून पाहिले, ते चालले नाही. ६ मार्चला ग्रोझा आला आणि जॉर्जेस्कू गृहमंत्री झाला.

जाता जाता एक लालूचही दाखवली गेली. उत्तर ट्रान्सिल्व्हानियाचा कारभार, जो १९४० मध्ये हंगेरीकडे गेला होता, तो ग्रोझाचे सरकार आल्यावर आठवड्याभरात रुमानियाला परत देण्यात आला. त्यामुळे नव्या सरकारला विरोध करणारा मनुष्य आपोआप राष्ट्रहिताच्या आड येणारा ठरू लागला.

पक्षाची फुगवटी नंतरची. १९४५ च्या शरदापर्यंत सदस्य अडीच लाखांवर गेले, १९४८ मध्ये समाजवादी लोकशाही पक्ष पोटात घेतल्यावर दहा लाख ओलांडले. त्यात नोकरीसाठी आलेले होते, कातडी वाचवायला आलेले होते, अगदी फॅसिस्ट लोहरक्षक दलाचे जुने लोकही होते. म्हणून सत्ता पक्की झाल्यावर, १९४८ ते १९५० दरम्यान, छाननी करून सुमारे १ लाख ९२ हजार जणांना बाहेर काढावे लागले.

प्रश्न : ग्रोझा स्वतः कम्युनिस्ट होता का?

नाही. तो ट्रान्सिल्व्हानियातला सधन जमीनदार आणि वकील होता. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या नांगरधारी आघाडी या शेतकरी संघटनेचा तो नेता. बिगरकम्युनिस्ट पंतप्रधान, शेजारी उदारमतवादी पक्षातून फुटून आलेला गिओर्गे ततरेस्कू परराष्ट्रमंत्री, अशी ती दर्शनी बाजू होती. बाहेरून पाहणाऱ्याला संमिश्र सरकार वाटावे, हाच हेतू.

प्रश्न : चर्चिलने एका चिठ्ठीवर रुमानिया रशियाला देऊन टाकला, हे खरे का?

चिठ्ठी खरी आहे. ९ ऑक्टोबर १९४४, मॉस्को. कोणत्या देशात कुणाचा प्रभाव किती, याची टक्केवारी चर्चिलने तीवर लिहून स्टालिनपुढे सरकवली. रुमानियात ९० टक्के रशियाचे, ग्रीसमध्ये ९० टक्के ब्रिटनचे, बल्गेरियात ७५ टक्के रशियाचे, युगोस्लाव्हिया आणि हंगेरीत निम्मे-निम्मे. पण ‘देऊन टाकला’ म्हणताना एक भान ठेवावे. त्या दिवशी लाल सैन्य बुखारेस्टमध्ये सव्वा महिना ठाण मांडून होते आणि ब्रिटिश सैन्य तिथे नव्हतेच. चिठ्ठीने जमिनीवरची स्थिती बदलली नाही. बदलले ते इतकेच, की डिसेंबरमध्ये ब्रिटिशांनी अथेन्समध्ये ग्रीक कम्युनिस्टांविरुद्ध बळ वापरले तेव्हा स्टालिन गप्प बसला आणि मार्चमध्ये बुखारेस्टची पाळी आली तेव्हा लंडनचा आवाज खाली आला.

प्रश्न : ‘राजाचा संप’ म्हणजे काय? राजा संप कसा करील?

संप सह्यांचा होता. १९२३ ची राज्यघटना राजाने १९४४ मध्ये पुन्हा लागू केली होती. तिच्यानुसार कायदा आणि हुकूमनामा राजाच्या सहीविना पुरा होत नसे. संसद अस्तित्वात नसल्यामुळे तर सगळा कारभार हुकूमनाम्यांवर चालला होता. पॉट्सडॅम परिषदेत ठरले की इटली, बल्गेरिया, रुमानिया वगैरे देशांशी शांतता तह करायचे ते ‘मान्यताप्राप्त लोकशाही सरकारां’शी. अमेरिका आणि ब्रिटन ग्रोझाला मान्यता देत नव्हते. राजाने हा धागा पकडून ऑगस्ट १९४५ मध्ये ग्रोझाला राजीनामा द्यायला सांगितले. ग्रोझाने साफ नकार दिला. घटनेच्या इतिहासात असे घडले नव्हते. तेव्हा राजाने तीन मित्रराष्ट्रांकडे दाद मागितली, सिनायाच्या वाड्यात जाऊन बसला आणि २१ ऑगस्टपासून सह्या थांबवल्या.

कल्पना उत्तम होती, फसली ती तिच्या गृहीतकामुळे. सही अडवून सरकार अडते ते कधी? जेव्हा न्यायालय, खजिना आणि पोलीस त्या सहीची वाट पाहतात तेव्हा. इथे न्यायखाते पत्रश्कानूकडे, पोलीस जॉर्जेस्कूकडे. सरकारने सहीविनाच गाडा रेटला आणि कुणी हरकत घेणारा उरला नव्हता. ८ नोव्हेंबरला, राजाच्या नामदिनी (ज्या संताचे नाव त्याला होते त्याच्या सणादिवशी), राजवाड्यापुढे हजारो लोक जमले तेव्हा त्यांच्यावर ट्रक घालण्यात आले, गोळीबार झाला, काही जण ठार झाले, शेकडो पकडले गेले.

डिसेंबर १९४५ च्या मॉस्को परिषदेत तीन बड्यांनी तोड काढली : शेतकरी पक्षाचा एक आणि उदारमतवाद्यांचा एक असे दोन मंत्री घ्यायचे आणि लवकर निवडणूक घ्यायची. दोघेही बिनखात्याचे मंत्री! मंत्रिमंडळाच्या बैठकीला बसायचे, पण सही करायला फाईल नाही की हुकूम द्यायला शिपाई नाही. जानेवारी १९४६ मध्ये संप संपला, फेब्रुवारीत वॉशिंग्टन आणि लंडनने ग्रोझाला मान्यता दिली. राजाच्या हातातला एकुलता एक पत्ता होता तो असा खर्ची पडला.

प्रश्न : १९४६ च्या निवडणुकीत गडबड झाली असे सगळे लिहितात. नेमकी कशी केली?

सुरुवात मतदानाच्या चार महिने आधी झाली. जुलै १९४६ च्या कायद्याने सिनेट रद्द करून एकसदनी विधानसभा आणली. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार दिला आणि सैनिकांनाही मतदान खुले केले. या गोष्टी ऐकायला पुरोगामी आहेत आणि काही खरोखर होत्याही. पण सैनिक बराकीत, अधिकाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मत देणार होता. मतदारयाद्या करायचे काम गृहखात्याच्या माणसांकडे होते, त्यामुळे ओळखीच्या विरोधकांची नावे गळाली. सरकारी आघाडीच्या माणसांना ठिकाण बदलून मत देण्याचे दाखले मिळाले, की एकच टोळी ट्रकमधून तीन-चार केंद्रांवर फिरे. विरोधी वृत्तपत्रांना कागद मिळेना. मिळाला तर छापखान्यातले संघटित कामगार मजकूर जुळवायला नकार देत.

निरक्षर मतदारांसाठी चिन्हे होती : सरकारी लोकशाही पक्ष आघाडीचा सूर्य, युलिऊ मानिऊच्या राष्ट्रीय शेतकरी पक्षाचा डोळा. १९ नोव्हेंबरला गावागावांत रांगा लागल्या. खरी करामत त्यानंतरची. बऱ्याच केंद्रांवर विरोधी प्रतिनिधींना मोजणीच्या वेळी आत घेतले गेले नाही आणि निकाल जाहीर व्हायला विलंब लागला. अधिकृत आकडे आले ते असे : आघाडीला सुमारे ७० टक्के मते आणि ४१४ पैकी जवळपास ३५० जागा, शेतकरी पक्षाला तिशीच्या थोड्या वर. पुढे उघड झालेल्या दफ्तरांत काही जिल्ह्यांतील मूळ बेरजा जाहीर बेरजांच्या जवळपासही जात नाहीत.

आणि याच निवडणूक कायद्यावर राजाची सही आहे. १ डिसेंबरला त्या विधानसभेचे उद्घाटनही त्यानेच केले. शेतकरी आणि उदारमतवादी पक्षांनी सभात्याग केला होता. तेरा महिन्यांनी त्याचा मुकुट याच सभागृहाने काढला.

प्रश्न : सामान्य माणूस गप्प का राहिला? शेतकऱ्यांचा देश होता ना?

मार्च १९४५ च्या जमीन कायद्याने ५० हेक्टरांवरच्या जमिनी घेऊन सुमारे ११ लाख हेक्टर वाटल्या. कुटुंबागणिक पाहिले तर वाटा फार नव्हता, एक-सव्वा हेक्टर. पण हातात सातबारा पडलेला माणूस मोर्चाला निघत नाही. (तीच जमीन १९४९ ते १९६२ दरम्यान सामुदायिक शेतीत परत घेतली गेली, हे त्याला तेव्हा कोण सांगणार?) १९४६ मध्ये भयंकर दुष्काळ पडला आणि देशाच्या मोल्डाव्हिया प्रांतात उपासमार झाली. नंतर उरलीसुरली ताकद चलनाने काढून घेतली. १५ ऑगस्ट १९४७ रोजी २०,००० जुन्या लेईंना एक नवा लेऊ असा दर जाहीर झाला. दर महागाईला धरूनच होता. मेख होती मर्यादेत. कुटुंबाने किती रक्कम बदलून घ्यायची यावर वर्गवार कमाल ठरवली होती आणि त्यावरची रोकड बाद झाली. दुकानदार, व्यापारी, बचत करणारा मध्यमवर्ग, म्हणजे विरोधी पक्षांना वर्गणी देणारे लोक, एका आठवड्यात कफल्लक झाले.

प्रश्न : एवढी पकड होती तर राजाला १९४५ मध्येच का हटवले नाही? आणि ३० डिसेंबरला नेमके काय झाले?

राजाची सही हवी होती म्हणून. शांतता तह व्हायचा होता, आणि तहावर सही करणारे सरकार कायदेशीर दिसायला हवे होते. स्टालिनने तर जुलै १९४५ मध्ये मिहाईला सोव्हिएत संघाचा ‘विजय’ हा सर्वोच्च लष्करी किताब दिला होता. आयसेनहॉवर, माँटगोमेरी, टीटो आणि पोलंडचा मार्शल एवढेच इतर परकीय मानकरी. राजा लोकप्रिय होता आणि सैन्याची शपथ त्याच्या नावाने होती.

१० फेब्रुवारी १९४७ रोजी पॅरिसमध्ये तह झाला आणि १५ सप्टेंबरला तो अमलात आला. त्या दिवशी नियंत्रण आयोग संपला, ब्रिटिश आणि अमेरिकन प्रतिनिधी सामान बांधून निघाले. सोव्हिएत सैन्य मात्र राहिले, कारण ऑस्ट्रियातील त्यांच्या फौजांशी दळणवळण राखण्यासाठी तशी तरतूद तहातच होती. १९५५ मध्ये ऑस्ट्रिया मोकळा झाला तरी हे सैन्य रुमानियातून निघाले १९५८ मध्ये.

वर्षाच्या उत्तरार्धातला क्रम पाहा. १४ जुलैला तमदाऊ गावी शेतकरी पक्षाचे पुढारी विमानाने देश सोडताना पकडले गेले. विमानाचा बेत पोलिसांना आधीच ठाऊक होता. महिनाअखेर पक्ष बरखास्त झाला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या मानिऊला नोव्हेंबरमध्ये जन्मठेप झाली आणि १९५३ मध्ये तो सिगेतच्या तुरुंगात मेला. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ततरेस्कूला काढून आना पाउकर परराष्ट्रमंत्री झाली, अर्थखाते लुकाकडे गेले. दर्शनी बाजूची आता गरज उरली नव्हती. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात संरक्षणखाते बोद्नराशला मिळाले, म्हणजे तिजोरीतल्या कैद्यांना घेऊन जाणाऱ्यालाच.

राजा नोव्हेंबरमध्ये राजकुमारी एलिझाबेथच्या लग्नासाठी लंडनला गेला होता. तो परतणार नाही अशी सरकारला आशा होती. तो २१ डिसेंबरला परतला. ३० तारखेला सकाळी त्याला सिनायाहून बुखारेस्टच्या एलिसाबेता राजवाड्यात बोलावले गेले. ‘कौटुंबिक बाब’ असा निरोप होता. आपल्या लग्नाची गोष्ट निघेल असे त्याला वाटले. ग्रोझा आणि देज तयार मसुदा घेऊन आले. वाड्याभोवतीचे पहारेकरी बदललेले होते. त्या जागी सोव्हिएत भूमीवर युद्धकैद्यांतून उभारलेल्या ‘तुदोर व्लादिमिरेस्कू’ डिव्हिजनची माणसे होती. टेलिफोन तोडलेले होते. सही झाली नाही तर तुरुंगातले हजार विद्यार्थी मारले जातील अशी धमकी दिली गेली, असे राजाने पुढे अनेकदा सांगितले. ग्रोझाच्या खिशातल्या पिस्तुलाची गोष्टही त्याच्याच सांगण्यातून आली आहे. खोलीत सरकारच्या बाजूचे जे होते त्यांनी अर्थातच तसे लिहून ठेवले नाही. पण पहारा आणि फोन एवढ्यावरूनही ती स्वेच्छेची सही नव्हती हे कळायला हरकत नाही. दुपारी सही झाली, संध्याकाळी विधानसभेने कायदा क्रमांक ३६३ मंजूर करून लोकप्रजासत्ताक जाहीर केले आणि पाच जणांचे अध्यक्षमंडळ नेमले. ३ जानेवारी १९४८ रोजी राजा आगगाडीने देशाबाहेर गेला.

प्रश्न : तो राज्यत्याग कायद्याने वैध होता का?

घटनेच्या चौकटीत नव्हता. राजा स्वतःचे सिंहासन सोडू शकतो, पण मसुद्यात त्याच्याकडून वारसांचाही हक्क सोडवून घेतला गेला. राज्याचे स्वरूप बदलायला १९२३ च्या घटनेत स्वतंत्र, लांबलचक प्रक्रिया होती : दुरुस्तीचा प्रस्ताव, संसद विसर्जन, नवी निवडणूक, दोन तृतीयांश बहुमत. त्यातली एकही पायरी चढली गेली नाही. मसुद्यातच असे म्हटले होते की राज्याचे नवे रूप निवडण्याची मुभा जनतेला राहील. जनतेला कुणी विचारले नाही. मार्च १९४८ मध्ये राजाने लंडनमधून सही जबरदस्तीची असल्याचे जाहीर केले, आणि मे महिन्यात त्याचे नागरिकत्व काढून घेण्यात आले.

प्रश्न : शेजारच्या राजेशाह्याही अशाच गेल्या का?

प्रत्येक ठिकाणी वेगळी वाट. बल्गेरियात झार सिमेऑन नऊ वर्षांचा होता. त्याचे राजप्रतिनिधी, सख्ख्या काकासह, फेब्रुवारी १९४५ मध्येच गोळ्या घालून मारले गेले होते. तिथे ८ सप्टेंबर १९४६ रोजी सार्वमत घेतले गेले आणि अधिकृत आकडा प्रजासत्ताकाच्या बाजूने ९५ टक्क्यांवर गेला. तिथल्या घटनेला सार्वमत ठाऊक नव्हते, त्यासाठी खास ‘मोठी राष्ट्रीय सभा’ बोलवावी लागली असती. युगोस्लाव्हियात राजा पेतार परदेशात होता आणि देश टीटोच्या कम्युनिस्ट पार्टिझनांनी (गनिमी सैनिकांनी) लढून घेतला होता, त्यामुळे फारशी खटपट करावी लागली नाही. नोव्हेंबर १९४५ च्या निवडणुकीत मतपत्रिकेऐवजी रबरी चेंडू पेटीत टाकायचा होता. विरोधकांनी बहिष्कार टाकल्यावर लोक आघाडीच्या पेटीशेजारी विरोधी मतांसाठी एक ‘बिनयादीची’ पेटी ठेवली होती. २९ नोव्हेंबरला प्रजासत्ताक झाले. अल्बानियाचा झोग तर १९३९ मध्येच इटालियन आले तेव्हा पळाला होता.

रुमानियाचे वेगळेपण असे की तिथला राजा वयाने जाणता होता, देशात हजर होता आणि युद्धातली मोठी कामगिरी त्याच्या नावावर होती. म्हणूनच तिथे सर्वांत जास्त वेळ लागला आणि राजेशाही सर्वांत शेवटी गेली.

प्रश्न : ज्यांनी हे घडवले त्यांचे पुढे काय झाले?

पत्रश्कानूला १९४८ मध्ये पक्षानेच पकडले आणि एप्रिल १९५४ मध्ये गोळ्या घातल्या. पाउकर, लुका आणि जॉर्जेस्कू तिघेही १९५२ मध्ये एकदम पडले. लुका तुरुंगातच मेला. ततरेस्कूने काही वर्षे सिगेतमध्ये काढली. देज १९६५ मध्ये सत्तेवर असतानाच वारला, ग्रोझा १९५८ मध्ये आजाराने. मिहाईला १९९७ मध्ये नागरिकत्व परत मिळाले आणि ५ डिसेंबर २०१७ रोजी स्वित्झर्लंडमध्ये त्याचे निधन झाले. दफन कुर्तेआ दे आर्जेश येथे झाले.